प्रेमात आपण सुधारतोय की बिघडतोय, हे कसं ओळखायचं

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मी ढोल पथकात ताशा वाजवायचे. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने रोज संध्याकाळी नदीपात्रात सराव, घरी येईपर्यंत मनगटं भरून यायची आणि ते मला प्रचंड आवडायचं. तिसऱ्या वर्षी मी पथक सोडलं. कोणी सोडायला लावलं नाही, हेच तर सांगायचंय. ज्याच्यावर माझं तेव्हा प्रेम होतं तो एकदाही "जाऊ नकोस" म्हणाला नाही. फक्त सरावाच्या दिवशी रात्री फोनवर त्याचा आवाज पडलेला असायचा, "काही नाही गं", "तू कर ना एन्जॉय", आणि मग ते काही नाही म्हणजे नक्की काय हे काढून घेण्यात माझे दोन तास जायचे, शेवटी सॉरी मीच म्हणायचे, कशाबद्दल ते मलाच माहीत नसायचं. असं आठ-दहा वेळा झाल्यावर सरावाला न जाणं सोपं वाटायला लागलं.

त्या वर्षी विसर्जनाला लक्ष्मी रोडला कडेला उभी राहून आमचंच पथक बघत होते आणि शेजारच्या मैत्रिणीला म्हणाले, मला आता हा आवाज, ही गर्दी सहनच होत नाही. मी खोटं बोलत नव्हते! मला खरंच वाटत होतं की माझी आवड बदलली.

त्याला आता पंधराएक वर्षं झाली, तो मुलगाही आयुष्यात नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसलीये. प्रेमाने माणूस बदलतो हे सगळेच सांगतात, पण बदल चालू असताना तो आतून ओळखता येत नाही. आतून सगळं प्रेमच वाटतं. ओळखायला बाहेरचा पुरावा लागतो. तो कसा गोळा करायचा आणि हातात आल्यावर काय करायचं, ते लिहितेय. स्वतःवर आणि जवळच्या काही जणांवर जे बघितलं त्यातून आणि थोडं वाचून हे जमवलंय.

पहिल्या सहा महिन्यांवरून निकाल लावू नका

1999 साली इटलीतल्या पिसा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या 20 जणांचं रक्त तपासलं होतं. सेरोटोनिनशी संबंधित एक घटक त्यांच्यात तसाच खाली गेलेला दिसला जसा ओसीडी म्हणजे मंत्रचळ असलेल्या पेशंट्समध्ये दिसतो. त्यातल्या काहींना वर्ष-दीड वर्षाने परत तपासलं तर आकडे नॉर्मलला आले होते. अभ्यास छोटा होता, त्यावर फार मोठे इमले बांधायला नकोत, पण ज्याने कोणी "टायपिंग..." कडे बघत रात्रीचे दोन वाजवलेत त्याला हे लगेच पटेल.

त्यामुळे सुरुवातीला झोप उडाली, अभ्यासात लक्ष नाही, मित्र म्हणतायत गायब झालास, तर घाबरू नका. एवढंच करा की या काळात परत फिरवता न येणारं काही करू नका. जॉब सोडणं, शहर बदलणं, एकत्र कर्ज काढणं, दुसऱ्यासाठी गॅरंटर राहणं, सगळं एक वर्ष पुढे ढकला. जे एक वर्ष थांबायला तयार नाही ते प्रेम पुढे काय काय मागेल याचा विचार करा. (अपवाद एकच, हात उगारला किंवा धमकी दिली तर सहा महिने काय, सहा दिवसही थांबायचं नाही, त्याबद्दल खाली लिहिलंय.)

फोन काढा आणि मागच्या वर्षीचे तुम्ही बघा

हे मला सगळ्यात उपयोगी वाटतं आणि याला अर्धा तास लागतो. एकटे असताना बसा. गॅलरी उघडून मागच्या वर्षीच्या याच महिन्यात जा, आणि त्याच्याही आधीच्या वर्षीच्या, म्हणजे हे माणूस आयुष्यात यायच्या आधीच्या. फोटोत कोण कोण आहे बघा, कुठे आहात, काय करताय. मग व्हॉट्सअॅपमध्ये खाली खाली स्क्रोल करत जा, ज्यांच्याशी रोज बोलत होतात ती नावं आता कुठे आहेत, शेवटचा मेसेज कोणाचा आहे, त्यांनी विचारलं होतं आणि तुम्ही उत्तरच दिलं नाही असं किती जणांचं झालंय. आणि मग यूपीआयची हिस्टरी, कारण माणूस स्वतःशी खोटं बोलू शकतो पण बँकेचं स्टेटमेंट नाही बोलत.

माझ्या मावसबहिणीने हे माझ्यासमोर बसून केलं. आधीच्या वर्षी घरी पाठवलेले पैसे, स्पर्धा परीक्षेच्या क्लासची फी, पुस्तकं, शनिवारची मिसळ. नंतरच्या वर्षी एकाच नावावर 500, 1000, 2000, परत 500. तिने बेरीज केली आणि गप्प बसली. आकडा सांगत नाही, पण क्लासची फी भरायला पैसे नाहीत म्हणून ती तो अटेम्प्ट सोडणार होती, आणि तिला वाटत होतं की आपल्यालाच आता अभ्यासात इंटरेस्ट राहिला नाही. माझ्या ताशासारखंच.

उलटंही दिसतं बरं का. आमच्या ऑफिसात एक लातूरकडचा मुलगा होता, तंबाखूचा मावा खायचा, दिवसाला चार-पाच पुड्या. त्याच्या हिस्टरीत टपरीवाल्याच्या 30-40 रुपयांच्या एन्ट्री ओळीने. मग एका महिन्यापासून त्या कमी होत गेल्या, सहा महिन्यांत बंद, आणि महिन्याच्या पाच तारखेला एक आरडी सुरू. त्याला विचारलं, प्रेयसीने शपथ वगैरे घातली का, तर म्हणाला नाही, तिने कधी सोड म्हटलंच नाही. सोडायचं माझ्याच मनात तीन वर्षं होतं, ती फक्त डेंटिस्टकडे सोबत आली आणि बाहेर बाकड्यावर बसून राहिली, आणि ज्या दिवशी मी परत खाल्ला त्या दिवशी भांडली नाही, उद्या परत सुरू करू म्हणाली.

हे "माझ्याच मनात होतं" फार महत्त्वाचं आहे, पुढचं सगळं त्यावरच आहे.

बदल झाला, पण तो हवा कोणाला होता

मानसशास्त्रात याला मायकलअँजेलो इफेक्ट असं नाव आहे, ड्रिगोटास, रसबल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्येच त्यावर लिहिलंय. मायकलअँजेलोचं म्हणणं असं सांगतात की मूर्ती दगडात आधीच असते, शिल्पकार फक्त जास्तीचा दगड काढतो. तसं चांगला जोडीदार तुम्हाला स्वतःला जे व्हायचंय ते तुमच्यात बघतो आणि त्याच्या वागण्याने ते हळूहळू बाहेर येतं. मला समजायला आपल्याकडचं उदाहरण सोपं गेलं. पेणच्या कारखान्यात गणपती साच्यातून काढतात, साचा आधी तयार असतो, माती त्यात दाबून भरायची. दगडातली मूर्ती कोरताना मात्र दगड बघावा लागतो, त्याची शीर कुठे जाते ते बघावं लागतं, नाहीतर तडकतो. प्रेमात कोणी तुम्हाला कोरतंय की साच्यात दाबतंय हे बघायचं. साच्यातून निघालेलीही सुंदरच दिसते, म्हणून तर फसायला होतं.

इथे मला नेहमी दोन जोडपी आठवतात, दोन्ही आपलीच आणि दोन्ही एकोणिसाव्या शतकातली. एक सावित्रीबाई आणि जोतीराव. 1840 साली लग्न झालं तेव्हा सावित्रीबाई 9 वर्षांच्या, जोतीराव 13 चे. जोतीरावांनी त्यांना शिकवलं, 1848 ला भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, शेण-चिखलाचा मारा झाला, हे आपण शाळेत वाचलेलंच असतं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. 1868 साली सावित्रीबाई माहेरी नायगावला होत्या, जोतीराव पुण्यात. गावात एका ब्राह्मण मुलाचं आणि महार मुलीचं प्रेम जमलं होतं, मुलगी गरोदर होती, आणि लोक दोघांना मारून टाकायला निघाले होते. सावित्रीबाई एकट्या मध्ये पडल्या, सरकारच्या कायद्याची भीती घातली, दोघांना वाचवलं आणि जोतीरावांना पत्राने कळवलं. विचारायला नाही, झाल्यावर कळवायला! 1890 ला जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे पुढे धरायचं मडकं, सावित्रीबाईंनी धरलं, आणि 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता स्वतः गेल्या. म्हणजे ज्याच्या प्रेमाने बदल सुरू झाला तो माणूस शेजारी नसताना, नंतर तर जगातच नसताना, तो बदल तसाच उभा होता.

दुसरं जोडपं आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी. इथे मला एवढं सरळ लिहिता येत नाही. लग्नात ती 9 वर्षांची, तो जवळपास 20 वर्षांनी मोठा, तिने शिकावं हा त्याचा ध्यास, आणि त्यासाठी त्याने तिला मारलं. अमेरिकेहून त्याला लिहिलेल्या एका पत्रात तिने हे सगळं काढलंय, दहाव्या वर्षी लाकडाने मारणं, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं फेकणं आणि सोडून जायची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा. आणि त्याच पत्रात म्हणते की तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट हे ठरवणं अवघड आहे. त्याच चौदाव्या वर्षी तिचं दहा दिवसांचं बाळ गेलं होतं, डॉक्टर होणं ही पुढे तिची स्वतःचीच इच्छा झाली, 1886 ला ती पेनसिल्वेनियातल्या कॉलेजातून डॉक्टर झाली, आणि 1887 च्या फेब्रुवारीत, बाविसावं पूर्ण व्हायच्या आत, क्षयाने गेली. मी हे कितीदा वाचलंय आणि दर वेळी तिथेच अडकते. शेवट मोठा झाला म्हणून मारणं बरोबर ठरत नाही. "बघ माझ्यामुळे तू आज इथे आहेस" हे वाक्य घरात कोणी म्हणत असेल तर हे पत्र आठवा.

तर तपासायचं असं. एका कागदावर गेल्या वर्षातले स्वतःतले पाच बदल लिहा, छोटे चालतील, केस वाढवले, नॉनव्हेज सोडलं, पहाटे उठायला लागलो, हळू बोलायला लागले. प्रत्येकापुढे लिहा की हे माणूस भेटायच्या आधी मला हे हवं होतं का. आणि मग, उद्या हे माणूस नसेल तर मी हे चालू ठेवेन का. दोन्हीला हो असेल तर उत्तम. पहिल्याला नाही पण दुसऱ्याला हो, तेही चांगलं, म्हणजे प्रेमाने नवीन दार उघडलं. दोन्हीला नाही आलं तर तो तुमचा बदल नाही, ते तुम्ही भरत असलेलं भाडं आहे. एक-दोन गोष्टींत सगळेच भाडं भरतात, संसारात चालतं तेवढं. पाचच्या पाच तशा निघाल्या तर मात्र थांबून बघा.

खोटं मोजा

एक आठवडा मोजा, लिहून ठेवायचीही गरज नाही. घरच्यांशी, मित्रांशी, ऑफिसात या नात्यासाठी किती वेळा खोटं बोललात. घरी अजून सांगितलं नाही म्हणून लपवणं वेगळं, आपल्याकडे जात-धर्म-घराणं बघतात, तिथे लपवावं लागतं, त्यात तुमचा दोष नाही. मी म्हणतेय ते दुसरं खोटं, त्याचं वागणं झाकण्यासाठी बोललेलं. "तो बिझी होता म्हणून नाही आला." "मीच त्याला चिडवलं होतं." "ती तशी चांगली आहे हो, टेन्शनमध्ये असली की बोलते असं." आणि यातलंही सगळ्यात वाईट म्हणजे त्याच माणसाशी बोललेलं खोटं, भीतीने. मैत्रिणीबरोबर चहा प्यायला आणि सांगितलं मीटिंग होती. चहासाठी खोटं बोलावं लागत असेल तर प्रश्न चहाचा नाहीच ना.

एक छोटा नकार देऊन बघा

क्षुल्लक काहीतरी निवडा. आज रात्री फोनवर नको बोलायला, मला झोपायचंय. किंवा हा रविवार मी आईकडे जातेय. कारण लांबलचक देऊ नका, गोड आवाजात एवढंच सांगा आणि पुढचे 24 तास नीट बघा. थोडं वाईट वाटणं, थोडी कुरकुर, नॉर्मल आहे. अबोला, टोमणे, "मग मी पण बघतो", दहा मिस्ड कॉल, जुन्या गोष्टी उकरणं, किंवा अचानक स्वतःला काहीतरी करून घेईन ही धमकी, हे नॉर्मल नाही. आणि स्वतःकडेही बघा, नाही म्हणण्याआधी पोटात गोळा आला का. माझ्या वेळी यायचा, दर वेळी, आणि मला वाटायचं यालाच प्रेम म्हणतात.

आधी मारहाण झाली असेल तर हा प्रयोग करू नका. तिथे आता तपासायचं काही राहिलं नाही, थेट मदत घ्या.

बोलायचं कसं, आणि कधी बोलायचं नाही

भीती नसेल, फक्त सवयी बिघडल्या असतील, तर बोलून पुष्कळ सुधारतं हे मी बघितलंय. भुकेच्या वेळी नको, रात्री अकरानंतर नको, मेसेजवर तर नकोच. एकच प्रसंग घ्या, "तू नेहमीच" ने सुरुवात केलीत की समोरचा वकील होतो. "परवा मी सरावाहून आले आणि तू दोन तास नीट बोलला नाहीस, मला त्यानंतर जायची भीती वाटायला लागलीये", एवढंच. मग एक मागणी, एकच, आणि मुदत, म्हणजे एक महिनाभर तू हे करून बघ, मग परत बोलू. त्या महिन्यात रोज आठवण करून देऊ नका. महिन्याने काहीच हललं नसेल तर उत्तर मिळालं. रडून माफी मागितली आणि आठ दिवसांत परत तेच, हेसुद्धा उत्तरच आहे.

आणि जिथे मारहाण, धमक्या, पगार काढून घेणं, घराबाहेर पडू न देणं आहे, तिथे समजावत बसू नका. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फक्त मारहाणीपुरता नाही, मानसिक छळ आणि पैशाची अडवणूकही त्यात येते, आणि लग्न न करता नवरा-बायकोसारखं एकत्र राहणाऱ्या बाईलाही त्याचं संरक्षण मिळू शकतं, हे बऱ्याच मुलींना माहीतच नसतं. महिला हेल्पलाइन 181, तातडीचं असेल तर 112. मन फार खचलं असेल तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416, तो पुरुषांसाठीही आहे, आणि मुलांनी लाजू नका, तुमच्यावरही हे घडतं. फोन तपासला जात असेल किंवा लोकेशन शेअर चालू असेल तर कॉल मैत्रिणीच्या, शेजारणीच्या फोनवरून करा. आधार, मार्कशीट, पासबुक यांच्या झेरॉक्स दुसऱ्याकडे ठेवा. निघताना "शेवटचं भेटून बोलू" याला एकटे जाऊ नका, कृपा करून जाऊ नका.

आता हे सगळं उलटं करा

इथपर्यंत वाचताना तुम्ही बहुतेक समोरच्याचा विचार करत असाल. मीही तशीच होते. पहिल्या नात्यातून इतकं शिकल्यावर मला वाटायचं की आता मी कोणाचं असं करणं शक्यच नाही.

लग्नाला चार वर्षं झाली होती. माझा नवरा लग्नाआधी दर रविवारी पहाटे मित्रांबरोबर सिंहगड चढायचा, आठला परत. मी कधी जाऊ नको म्हटलं नाही. आठवडाभर नोकरी, रविवार एकच मिळतो, तो आला की मी गप्प असायचे, चहाचा कप जरा जोरात ठेवायचे. "काही नाही" म्हणायचे. तो आधी महिन्यातून दोनदा जायला लागला, मग एकदा, मग बूट माळ्यावर गेले. मला आनंदच झाला होता, म्हटलं समजूतदार नवरा मिळाला. मग एकदा सासूबाई आठ दिवस राहायला आल्या होत्या, पोळ्या लाटता लाटता सहज म्हणाल्या, "हा आधी आंघोळ करताना शीळ घालायचा गं, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जायची." बाकी काही नाही म्हणाल्या. मी तवा खाली उतरवून ठेवला आणि मला एकदम ते नदीपात्र आठवलं.

म्हणून ही शेवटची गोष्ट करा आणि खरं तर हीच सगळ्यात आधी करायला हवी. जोडीदाराला विचारा, "माझ्यामुळे तू काय काय सोडलंस?" समोरासमोर बसवून विचारू नका, इंटरव्ह्यू वाटतो. हाताला काम असताना विचारा, भाजी निवडताना, गाडीत, गच्चीवर कपडे वाळत घालताना. पहिलं उत्तर "काही नाही" येईल, तिथे सोडून देऊ नका, पण खोदूही नका, म्हणा आठवलं की सांग. आणि सांगेल तेव्हा मध्ये बोलायचं नाही. "पण मी कधी नाही म्हटलं होतं?" हे तर अजिबात नाही. ऐकायचं, आणि त्यातली एक गोष्ट त्याच आठवड्यात परत सुरू होईल असं काहीतरी स्वतः करायचं. मी माळ्यावरून बूट काढले, सोल गेले होते, चांभाराकडे नेऊन बसवून आणले आणि शनिवारी रात्री दाराशी ठेवले.

माझ्या नवऱ्याने तेव्हा तीन गोष्टी आहेत म्हणून सांगितलं होतं. पहिली सिंहगड. दुसरी त्याच्या एका मित्राचं घरी येणं, ज्याच्याबद्दल मी एकदा काहीतरी बोलून गेले होते. तिसरी त्याने सांगितली नाही, म्हणाला राहू दे. चार दिवसांनी रात्री मी भांडी घासत होते, तो पुसून ठेवत होता, तेव्हा सांगितली. ती इथे लिहीत नाही, ती त्याची आहे. पण ऐकताना मी मध्ये बोलले नाही.